अडीच पफ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण दोन दिवस ओव्हनपुढे उकिडवं बसून माझी कंबर जी धरली आहे ती अजून सरळ व्हायला तयार नाही. तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला कमी झाला का, की अजून खोकत खोकतच 'मला काही झालेलं नाही' म्हणून सांगतात? त्यांना माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघं तशी बरी आहोत. हिच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर अजून आहे, माझ्या दोन बोटांना चटका बसला आहे आणि घरभर लोण्याचा वास मारतो आहे, एवढं सोडलं तर काळजीचं कारण नाही. आता मुद्द्याचं. तू मला पफची जी कृती लिहून पाठवलीस त्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्याशी भांडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून दोन्ही याच पत्रात उरकतो.

तुला मागे कळवलंच होतं की ही स्टुलावरून पडली. (बल्ब बदलायला चढली होती. तो बल्ब मी बदलणारच होतो. तीन आठवडे मी तो बदलणारच होतो, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं, पण डॉक्टर नुसते तिच्या मनगटाकडे बघत राहिले.) तर त्या प्लास्टरमध्येच हिच्या त्या तीन मैत्रिणींची येण्याची वेळ झाली. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. चौघी वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत होत्या. आता एक दातांची डॉक्टर आहे, एक शाळेत गणित शिकवते आणि एक कोर्टात लघुलेखन करते. मी त्यांना दातवाली, गणितवाली आणि कोर्टवाली म्हणतो, अर्थात तोंडावर नाही. दर दोन वर्षांनी तिघी मिळून आमच्याकडे येतात, पाच वाजता बसतात आणि नऊला उठतात. मधल्या चार तासांत घरी केलेलं, ओव्हनमधून गरम गरम काढलेलं काहीतरी खायला लागतं. ही दर वेळी नवीन करते. कधी कांद्याचा टार्ट, कधी पालकाचे रोल, कधी मटारचे छोटे पॅटिस. सगळं शाकाहारी, कारण गणितवाली त्या बाबतीत भलतीच कडक आहे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती भिंगातून वाचते. अंड्याचा नुसता विषय निघाला तरी पाणी पिते.

ही म्हणाली, या वेळी त्यांना नको म्हणून कळवते, नाहीतर बेकरीतून आणू. हे म्हणताना तिचा चेहरा उतरला होता, ताई, ते मला बघवलं नाही. म्हणून मी म्हणालो, "त्यात काय आहे?" बस्स, एवढंच. या तीन शब्दांनी आयुष्यात माझं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं वाळवीनेही कुठल्या ग्रंथालयाचं केलं नसेल. पुढे न थांबता मी हेही म्हणालो की पफ म्हणजे मैद्याला घड्याच घालायच्या ना, पस्तीस वर्षं पुस्तकं बांधतोय, जन्मभर घड्याच घातल्या, मैदाही आमच्या खळीत असतोच. (त्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही की खळीचा डबा स्वयंपाकघरात आणायचा नाही, त्यात वाळवीसाठी घातलेलं मोरचूद, म्हणजे विषच असतं. जसं काही मला ते माहीत नाही.)

मग हिने पैज लावली. तुम्ही केलेला एकेक पफ तिघींनी पूर्ण संपवला, तर तुमचं यंत्र पुढच्या खोलीत राहील. नाही संपवला, तर महिनाअखेर यंत्र घराबाहेर. आणि मी मदत करणार नाही, एक शब्दही सांगणार नाही, असंही वर म्हणाली. ही पैज तिने तिथल्या तिथे फोनवर मैत्रिणींना ऐकवली, आणि कोर्टवालीने ती शब्दन् शब्द उतरवून घेतली.

आता ते यंत्र म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको, पण माझ्या बाजूने एकदा सांगू दे. माझं पुस्तकं दाबायचं दाबयंत्र, ज्यांच्याकडे बांधणी शिकलो त्या गुरुजींनी जाताना मला दिलेलं, बिडाचं, वर चाक, चार माणसांना हलत नाही. मागच्या गाळ्याचं छत गळायला लागलं तेव्हा मी ते 'चार महिन्यांसाठी' पुढच्या खोलीत आणलं, त्याला आता सहा वर्षं होतील. हिचं म्हणणं असं की आपल्याकडे येणारी माणसं आपल्याला भेटायला येतात की त्या यंत्राला हेच कळत नाही, कारण सोफा त्याच्याकडे तोंड करून आहे. सोफा दुसरीकडे मावत नाही, त्याला मी काय करू? पण ताई, सकाळी चहा झाला की त्या चाकाला हात लावल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. दुसरीकडे कुठे जागा भाड्याने घेऊन एकट्याने जाऊन बसायचं वय आता माझं नाही. ते गेलं तर काम गेलं. मग मी दिवसभर काय करू, हिच्या मागे मागे फिरू? तेव्हा माझ्या दृष्टीने हा पफचा प्रश्न अजिबात नव्हता.

म्हणून तर तुझ्याकडून कृती मागवली. घरात हिच्यानंतर ओव्हनमधलं कळतं ते तुलाच, असं मी समजत होतो. ताई, तू कृती लिहितेस की पावसाचा अंदाज? मैदा 'अंदाजाने'. मीठ 'चवीपुरतं'. कोणाच्या चवीपुरतं? दाजी तर वरून मीठ घेतात. लोणी 'फार गार नको, फार मऊ नको'. पाणी 'लागेल तसं'. भाजायचं 'रंग येईपर्यंत', आणि कुठला रंग ते नाही. आमच्या धंद्यात असं चाललं असतं तर एका ग्रंथाचे दोन खंड कपाटात शेजारी उभे राहिले नसते. बरं, घड्यांचं मात्र तू नेमकं लिहिलंस. लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, गार जागी विसावू द्यायचं, असं सहा वेळा. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. पण विसावू द्यायचं ते मोकळं की दाबून, हे तू लिहिलंस का? पत्र काढून बघ. नाही लिहिलंस.

पुस्तकाच्या फर्म्याला, म्हणजे छापील तावाला, घडी घातली की तो दाबून ठेवायचा हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. घडी मोकळी सोडली की ती हवा धरते, फुगते, आणि फुगलेला फर्मा म्हणजे बांधणाऱ्याची नामुष्की. तेव्हा शनिवारी सकाळी मी तो लोण्याचा गोळा मैद्यात गुंडाळला, लाटला, तीन पदरी घडी घातली, दोन्ही बाजूंना मेणकागद लावला आणि सरळ यंत्रात ठेवून चाकाला दोन फेरे दिले. सहाही वेळा. (गार जागी म्हणून यंत्राच्या पाट्या आधी बर्फाने पुसून घेतल्या होत्या. एवढा विचार कोणी करतं का?) तिसऱ्या वेळी चारी बाजूंनी लोणी बाहेर आलं. मला वाटलं, जास्तीचं असेल ते निघून गेलं, छान झालं. ते यंत्राच्या पायावरून ओघळून खाली एका वकीलसाहेबांच्या, बांधायला आलेल्या जुन्या निकालांच्या खंडावर गेलं हे मला दुपारी कळलं. त्या खंडाचं काय करायचं ते मी बघतो, तू त्याचा विषय काढू नकोस.

ही सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, हात गळ्यात अडकवून बसली होती. बोलायचं नाही असं ठरलेलं. पण ताई, न बोलण्याच्या शंभर तऱ्हा असतात आणि त्या सगळ्या तिला येतात. मी मिठाचा डबा उचलला की ती छताकडे बघायची. लोणी ठेवलं की एक उसासा. सारणाचा पालक मी न पिळता घेतला तेव्हा तर तिने डोळेच मिटून घेतले. माणूस अशा वातावरणात काय करणार? ओव्हनही आमचा जुना, बटणावरचे आकडे पुसून गेलेले. ते कुठे फिरवायचं हे हिच्या बोटांना माहीत, मला नाही. शेवटी पफ बाहेर काढले. सहा पफ, सहाही एका मापाचे, आणि सपाट. खोटं कशाला बोलू, पुठ्ठा म्हणून माल एक नंबर होता. अंगठ्याने दाबून बघितला, वाकला नाही, चिरला नाही. एरवी मी खूश झालो असतो. हिने डाव्या हाताने एक उचलला, टेबलावर दोनदा ठोकला, परत ठेवला आणि आत गेली. मला दारामागून आवाज आला तो रडण्याचा असावा असं वाटून मी घाबरून गेलो, तर ती हसत होती.

रविवारी, तिघी यायच्या दिवशी, पहाटेच उठलो. आता घडी मोकळी ठेवायची एवढं डोक्यात पक्कं होतं. सगळा फ्रिज रिकामा केला, दूध बाहेर, भाज्या बाहेर, आणि त्यात फक्त माझा मैदा. लाट, घडी घाल, ठेव, घड्याळ लाव. पालक असा पिळला की हिने मान हलवली (होकारार्थी, मी बघितली, पैजेचा भंग झाला पण मी तक्रार केली नाही). कांदा परतला, चीज किसलं, मिरपूड घातली, मीठ तुझ्या भाषेत चवीपुरतं. मग पट्टी, गुण्या आणि धारेची सुरी घेऊन चार इंचाचे चौकोन कापले. एकही वाकडा नाही. त्रिकोणी दुमडून, कडा पाण्याने चिकटवून, माझ्या कागदाची घडी बसवायच्या पट्टीने अशा दाबल्या की बेकरीवाल्याने येऊन बघावं. आणि ओव्हनच्या काचेतून बघतो तर काय, ताई, ते वर यायला लागले. पदर सुटे होत होत उभे राहिले. मी उकिडवा बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. तुला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हिला हाक मारली, तीही शेजारी येऊन वाकली, आणि आम्ही दोघं ती काच बघत राहिलो.

पाचला तिघी आल्या. दातवालीने आल्या आल्या पर्स यंत्राच्या चाकाला अडकवली (दर वेळी अडकवते, मी काही बोलत नाही). मी पफ बाहेर आणले. पहिल्या घासाला जो कुरकुर आवाज झाला ना, तो ऐकून मी पाठ ताठ केली. दातवालीने पुढच्या दातांनी खाऊन पहिल्या नंबराने संपवला. कोर्टवालीने संपवला आणि दुसरा मागितला, वास्तविक पैजेला एकच पुरे होता. गणितवालीचं खाणं संथ. आधी तिने विचारलं, घड्या किती? मी म्हणालो तीन पदरी, सहा वेळा. ती म्हणाली, म्हणजे लोण्याचे सातशे एकोणतीस पदर, आणि समाधानाने चावत राहिली. अर्धा संपला. मी मनातल्या मनात यंत्राला सांगून टाकलं की आता तुला कोणी हलवत नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने आत जाऊन चहा टाकला असता. पण गणितवालीने उरलेला अर्धा हातात फिरवून बघितला आणि विचारलं की कडा इतक्या सरळ, इतक्या धारदार कशा आल्या, तिच्या हातून तर नेहमी फाटतात. ताई, आजपर्यंत माझ्या कडांबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. लोक पुस्तक घेतात, पान पहिलं उघडतात आणि जातात. मला राहवलं नाही. ही जोरजोरात खोकायला लागली, मला वाटलं घशात पफ गेला, म्हणून मी तिला पाणी दिलं आणि आतून माझी पट्टी घेऊन आलो. म्हणालो, ही बघा, पस्तीस वर्षं हिच्यावर काम करतोय, गुरुजींच्या हातची, अशी आता मिळत नाही.

गणितवालीने पट्टीवरून कौतुकाने बोट फिरवलं. "किती गुळगुळीत आहे हो. हस्तिदंती प्लास्टिक?"

"छे," मी म्हणालो, "अस्सल हाड."

गणितवालीने पट्टीवरचं बोट उचललं. मी आपला सांगतोच आहे, की उकळत्या पाण्यातून काढून घेतली होती, मी काही अडाणी नाही. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं की कशाचं हाड. मी म्हणालो, गुरुजी उंटाचं म्हणायचे, पण गुरुजी बरंच काही म्हणायचे. तिने उरलेला अर्धा पफ बशीत ठेवला, त्यावर कागदी रुमाल पांघरला आणि भिंतीकडे बघत बसली. पहिली हसत सुटली ती दातवाली. मग कोर्टवाली, मग ही, आणि शेवटी, मला वाटलं आता गणितवाली उठून जाणार, तर तीच रुमालाकडे बोट दाखवून अशी हसायला लागली की तिला धरून बसवावं लागलं. "उंट," एवढंच म्हणायची आणि परत सुरू. दातवालीने डोळे पुसत माझा हिशेब केला, की हाड पट्टीला होतं तेवढं जिभेला असतं तर जिंकला असतात. चौघींचं हसू अर्धा तास थांबलं नाही. मी मध्ये उभा, हातात पट्टी.

मग कोर्टवालीने पर्समधून वही काढून पैज वाचून दाखवली. 'तिघींनी एकेक पूर्ण.' मी म्हणालो कोर्टवालीने दोन खाल्ले, सरासरी काढा. गणितवाली म्हणाली, तिचा दुसरा पैजेत येत नाही. तिघींचे मिळून अडीच झाले, आणि अडीच म्हणजे तीन नव्हेत. वर म्हणाली, पालक मात्र उत्तम होता. मी हरलो, ताई. पफ फुगले, पदर सुटले, मीठ बरोबर, आणि अर्ध्या पफाने हरलो, तेही माझ्या तोंडाने. चिडावं तरी कोणावर? मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. आज सकाळी चाकाला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. हिने बघितलं आणि माझा चहाचा कप उचलून आत नेला. मी पुन्हा म्हणून स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही, हे तुला लेखी देतो.

दाजींना खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग. गुडघ्याला शेक देत जा, जिने चढू नकोस. माझ्या कमरेची काळजी करू नकोस, तशी तू करणार नाहीसच. लोभ कमी झाला असेल तर या पत्राने तो वाढावा अशी अपेक्षा नाही, आहे तेवढा राहू दे.

तुझाच,
धाकटा

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुझी खालची खोली रिकामी आहे ना? यंत्र काही दिवस तिथे ठेवता येईल का? चार महिन्यांसाठीच. ठेवलं की झालं, ते काही खायला मागत नाही. खालून रुंदी बरोबर अठ्ठावीस इंच आहे. दाराची रुंदी मोजून उलट टपाली कळव, म्हणजे माझी या पैजेतून आणि या ओव्हनमधून एकदाची सुटका होईल.

ता. क. दुसरा : लोणी फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं? थोडं उरलं आहे. सहज विचारतो. शिवाय पालकाऐवजी मटार घेतला तर तोही पिळायचा असतो का?

ता. क. तिसरा, आणि हा माझा : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून डाव्या हाताने चार ओळी लिहिते, अक्षर सांभाळून घ्या. डॉक्टरांनी मला प्लास्टर काढायला गेल्या सोमवारीच बोलावलं होतं. मीच दहा दिवस पुढची तारीख मागून घेतली. हे ह्यांना माहीत नाही. अठ्ठावीस वर्षांत या तिघी चौदा वेळा आल्या आणि चौदाही वेळा मी ओव्हनपुढे होते. बाहेरून हसण्याचा आवाज यायचा, मी ताट घेऊन येईपर्यंत तो थांबलेला असायचा, आणि काय झालं गं म्हणून विचारलं की म्हणायच्या, काही नाही गं, तू बस आता. परवा पहिल्यांदा पाच ते नऊ मी खुर्चीवरून उठले नाही. एकही हसणं माझं चुकलं नाही. ते यंत्र कुठेही जाणार नाही. त्या चाकाशी उभ्या असलेल्या ह्यांच्याशिवाय ती खोली मलाच ओळखू येणार नाही. पण एवढ्यात त्यांना सांगू नका. काल रात्री जेवताना ते म्हणाले, आणखी एक संधी दे, या वेळी मटारचे करतो. मी म्हटलं, विचार करते. तिघींना पुढच्या महिन्याची तारीख मी आज सकाळीच कळवली. गणितवालीची एवढीच अट आहे की पट्टी लाकडाची हवी. तुमच्याकडे यंत्राला जागा आहे असं कळलं तर ते निवांत होतील आणि ओव्हनकडे फिरकणार नाहीत. तेव्हा गुडघ्याला त्रास देऊन दार मोजत बसू नका. सव्वीस इंच म्हणून कळवा.